ऐंशी तासांची सेवा नेमकी कोणत्या समाजाची, याचा खुलासा व एका सहीची मागणी

प्रति,
मा. समन्वय अधिकारी साहेब,
सामुदायिक सेवा नोंदणी कक्ष,
दुसरा मजला, जिन्याला लागून, अंबरनाथ.

अर्जदार : सौ. संजीवनी हिंदुराव पिसाळ, वय ४९, शिक्षण सातवी (त्यापुढचे माझे मी), रा. बेलवली, बदलापूर (प.)

विषय : न्यायमंडळाने सांगितलेली ऐंशी तासांची सेवा पूर्ण केलेल्या मुलीस सेवापूर्तीचे प्रमाणपत्र, तिची जात न विचारता, मिळणेबाबत.

संदर्भ : १) बाल न्याय मंडळाचा आदेश, दि. ११ नोव्हेंबर २०२४.
२) माझे याआधीचे अर्ज, दि. ३ मार्च, १७ मार्च व ४ एप्रिल २०२५. तिन्ही आपल्या टेबल क्र. ४ च्या खाली, पाय ठेवायच्या जागी आहेत. मी वाकून पाहिले आहेत.

महोदय,

१. पहिली विनंती ही की हा अर्ज आपण स्वतः वाचावा, टेबल क्र. ४ कडे पाठवू नये. तिथे अर्ज वाचत नाहीत, त्यावर चहाचा ग्लास ठेवतात. १७ मार्चच्या अर्जावर तीन गोल उमटले आहेत. तिसरा बरोबर माझ्या सहीवर आहे, त्यामुळे तो मंजूर झाला असे मला क्षणभर वाटले होते.

२. ज्या मुलीसाठी लिहिते आहे ती सोळा वर्षांची असून बारवी धरणाच्या अंगाच्या एका कातकरी वाडीतली आहे. अशा मुलांचे नाव कुठे जाहीर करू नये असा कायदा आहे. म्हणून इथे मी तिला बाळी म्हणते आणि तिच्या बापाला गोमा. ही वाडीतली हाकेची नावे आहेत. खरे नाव, वय, पत्ता आणि गुन्हा पाहिजे असल्यास आपल्याच कार्यालयाच्या फलकावर 'प्रलंबित प्रकरणे' या मथळ्याखाली ठळक अक्षरांत लावले आहे. लोक नंबर लागेपर्यंत तेच वाचत बसतात.

३. बाळीने चोरी केली, हे मी लपवत नाही. लपवू शकतही नाही, कारण पकडून दिली ती मीच. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये एका जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगच्या टेबलावर मी मोठी बाई आहे. ती माझ्या हाताखाली होती. गेल्या सप्टेंबरात तयार मालात सात पॅन्टी कमी भरल्या, ते मी शेठना सांगितले. गेटवर पिशवी तपासली तेव्हा ती वॉचमनच्या मनगटाला चावली. मला वाटले होते, शेठ चार शिव्या देतील, आठ दिवस घरी बसवतील. शेठनी पोलीस बोलावले. पिशवीतल्या सातांपैकी पाच रिजेक्ट मालातल्या होत्या, शिलाई वाकडी गेलेल्या. वाडीतल्या भावंडांची मापे तिने बरोबर ओळखली होती. चोरी ती चोरीच. पण सात नग मोजताना मी एक पोरगी वजा करते आहे हे मला कळले नाही. म्हणून आदेशाच्या दिवशी मी मंडळापुढे उभी राहिले आणि म्हणाले, हिला माझ्या घरी ठेवते.

४. मंडळाच्या मॅडमनी मला कायद्यातली 'योग्य व्यक्ती', म्हणजे मुलीला सांभाळणारी, म्हणून नेमले. घरी हे सांगितल्यावर आमचे मालक बराच वेळ हसत होते. मॅडमनी मुलीला कोंडले नाही. चार माणसांत राहून, चार माणसांच्या उपयोगी पडून सुधारू दे, असे त्यांनी तोंडी सांगितले. आदेशात मात्र असे लिहिले गेले : "सदर विधिसंघर्षग्रस्त बालकाने आपल्या समाजाची ऐंशी तास सेवा करावी व तसे प्रमाणपत्र समन्वय कक्षामार्फत सादर करावे." घरी मी हे मोठ्याने वाचून दाखवले. बाळीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काकू, सात पॅन्टींना एवढा मोठा शब्द?" ती विधिसंघर्षग्रस्तबद्दल बोलत होती. त्या शब्दाने काही बिघडले नाही. बिघडले ते 'समाज' या साध्या शब्दाने.

५. सेवा तिने कॅम्पातल्याच एका वृद्धाश्रमात केली. तो एका सिंधी ट्रस्टचा आहे. एकवीस म्हाताऱ्या बायका आहेत. बाळीने तिथे भांडी घासली असती तरी तास भरले असते. पण तिने पहिल्या दिवशी त्यांचे गाऊन बघितले आणि हुक दाताने तोडून टाकले. संधिवाताच्या बोटांना हुक लागत नाहीत. त्या जागी तिने मोठी बटणे लावली, काजे केली, अभ्रे आणि चादरी उसवून जीन्ससारखी डबल शिलाई मारली. मोहिनीदादी म्हणून तिथल्या सगळ्यात थोरल्या, वय एक्याण्णव. त्या उशी ओढून बघून म्हणाल्या, "अब मैं फटूँगी, ये नहीं फटेगा." चावण्याची गोष्ट आश्रमात आधीच पोचली होती, त्यामुळे दादी तिला जेवताना विचारायच्या की आज कुणाला खाल्लेस. ऐंशी तास ११ फेब्रुवारीला भरले. हजेरीवर रोज सह्या आहेत.

६. ट्रस्टी मुकेशभाईंनी प्रमाणपत्र लगेच दिले. ते घेऊन मी ३ मार्चला आपल्या टेबल क्र. ४ वर श्री. विनीत साहेबांपुढे उभी राहिले. लेटरहेडची वरची ओळ सिंधी लिपीत आहे. साहेबांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. मग आदेश काढून 'आपल्या समाजाची' या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढली. मुलगी कोणत्या समाजाची, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. आश्रम कोणत्या समाजाचा? सांगितले. तुम्ही कोणत्या? तेही सांगितले. त्यावर त्यांनी जे म्हटले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण तेवढ्यासाठीच मी गेले सात आठवडे फिरते आहे : "बाई, तुमचा समाज वेगळा, तिचा वेगळा, आश्रमाचा वेगळा. मग सेवा कुणाची झाली?"

मी म्हटले, साहेब, म्हाताऱ्यांची झाली. ते म्हणाले, म्हातारे हा समाज यादीत नाही.

७. साहेबांचे म्हणणे असे की आदेशाप्रमाणे सेवा स्वतःच्या समाजाची पाहिजे, दुसऱ्या समाजाची सेवा ही त्या समाजावर उपकार समजली जाते आणि उपकाराचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या कक्षाला नाही. मॅडमना समाज म्हणजे आपण सगळे, असे म्हणायचे होते, हे मी नम्रपणे सांगितले. साहेब म्हणाले, "आपण सगळे असा रकाना नाही." मी रकाने मोजले. खरोखरच नाही.

८. त्यांनी सुचवले, मुलीच्या समाजाच्या अध्यक्षांचे पत्र आणा, की ही सेवा आम्हाला पोचली. मी १६ मार्चच्या रविवारी वाडीवर गेले. सडकेपर्यंत शेअर रिक्षा, पुढे पाऊण तास पायी. गोमा कुडाचे काम करत होता. त्याला विचारले, तुमच्या समाजाचा अध्यक्ष कोण? त्याने विचारले, "अध्यक्ष म्हंजे काय करतो तो?" मी म्हटले, सही करतो. तर म्हणाला, "मंग आमच्यात कुनी नाय. आमच्यात समदे अंगठेवाले." शेवटी वाडीतल्या अकरा माणसांनी एका कागदावर अंगठे दिले. सेवा सिंधी आजींची केली तरी ती आम्हाला पोचली, असा मजकूर मी लिहिला आणि वाचून दाखवला. गोमाची म्हातारी आई रखमा म्हणाली, पोचली कशी, पोर तर अजून घरी आली नाय. याचे उत्तर आपण द्यावे.

९. १७ मार्चला तो कागद विनीत साहेबांनी वाचला. एक अंगठा मुलीच्या बापाचा आहे, म्हणून हितसंबंध निघाला. बापाचा मुलीत हितसंबंध असतो हे आपल्या कार्यालयाने शोधून काढले, याबद्दल अभिनंदन. उरलेले दहा अंगठे कातकरी समाजाचेच कशावरून, असे पुढे निघाले. त्यासाठी दहाही जणांचे जातीचे दाखले मागितले. ते त्यांच्याकडे नाहीत. असते तर ते इतकी वर्षे कुडाच्या घरात राहिले नसते.

१०. शेवटी ४ एप्रिलला मला एक छापील यादी देण्यात आली. ती जातपडताळणीची आहे, पण वरच्या बाजूला पेनाने 'सेवा' असे लिहिले आहे. त्यात अनुक्रमांक ६ ला 'सन १९५० पूर्वीचा पुरावा' मागितला आहे. सेवा यंदा फेब्रुवारीत झाली. ती १९५० च्या आधी झाल्याचा पुरावा मी कुठून आणू? १९५० च्या आधी बाळी नव्हती, मी नव्हते, विनीत साहेब नव्हते. मोहिनीदादी तेवढ्या होत्या. त्यांना मी विचारले. त्या म्हणाल्या, तेव्हा आम्हीच सिंधहून आलो होतो आणि याच कॅम्पात लायनीत उभ्या राहत होतो, कागद दाखवा म्हणून. कुणी दाखवायला सांगितले होते ते त्यांना आठवत नाही. टेबलाचा नंबर चार असावा असा माझा अंदाज आहे.

११. मंडळापुढे पुढची तारीख २८ एप्रिल आहे, येता सोमवार. त्या दिवशी प्रमाणपत्र नसेल तर आदेश पाळला नाही असे धरले जाईल आणि मुलीला विशेष गृहात पाठवायचे की नाही याचा विचार होईल. मी चौकशी केली. तिथे मुलींना शिवणकाम शिकवतात म्हणे. म्हणजे एकवीस बायकांना काज-बटणे करून देणाऱ्या मुलीला चार माणसांतून उचलून, भिंतीआड नेऊन, शासन सुईत दोरा ओवायला शिकवणार. मग ती बाहेर आली की समाजात मिसळत नाही, अशी तक्रार करायलाही आपलाच कक्ष असेल. कायदा मी पहिल्या पानापासून वाचला आहे, आमच्या गल्लीतल्या वकिलाच्या मुलाचे पुस्तक आणून. त्यात कोंडणे हा शेवटचा उपाय आहे असे लिहिले आहे. आपल्या कक्षात तो पहिला निघाला, कारण बाकीच्या उपायांना रकाना लागतो.

१२. प्रमाणपत्र नाही म्हणजे तास भरले नाहीत, असा बाळीने अर्थ काढला. मला न सांगता मार्चपासून ती पुन्हा आश्रमात जाते आहे. कालपर्यंत एकशे त्रेसष्ट तास झाले. चोरीच्या शिक्षेपेक्षा सहीची वाट बघण्याची शिक्षा मोठी झाली आहे. ही जादा सेवा कोणत्या समाजाच्या खाती टाकायची ते आपण ठरवावे. आम्हाला नको.

१३. तरी माझी मागणी एकच आणि छोटी आहे. 'सदर बालकाने ऐंशी तास सेवा केली' या एका ओळीखाली आपण सही करावी. ते जमत नसेल तर 'केली नाही' असे लिहून त्याखाली करावी. पण मग कारण लिहावे, आणि कारणात ती कोणत्या समाजाची आहे आणि कुणाची सेवा केली म्हणून नामंजूर, हे स्वतःच्या अक्षरात लिहावे. २८ तारखेला दोन्हीपैकी जो कागद मिळेल तो मी मॅडमपुढे ठेवीन. मॅडमना मराठी वाचता येते आणि त्या कागद सुलटा धरतात.

१४. आणखी एक, जे अर्जात लिहायचे की नाही मला माहीत नाही. गेल्या सोमवारपासून बाळी रात्री झोपण्याआधी तिची पिशवी भरून दाराशी ठेवते. दोन ड्रेस, कंगवा, कात्री. कात्री विशेष गृहात नेऊ देत नाहीत, हे मी तिला सांगितलेले नाही. सकाळी ती अंघोळीला गेली की मी पिशवी रिकामी करून सगळे परत फळीवर लावते. रात्री पिशवी पुन्हा भरलेली असते. काल मी ती रिकामी करायला उचलली, तर तळाशी वॉचमनसाठी शिवलेला एक मनगटपट्टा निघाला, डबल शिलाईचा. त्यावर चिठ्ठी होती, दुसरी शिकलेल्या हाताची : 'जाण्याच्या आदी देने.' मी पट्टा आत ठेवला आणि पिशवी पहिल्यांदाच तशीच राहू दिली. अंघोळीहून आल्यावर तिने ते पाहिले. तिला वाटते आहे की मीही आशा सोडली. तिला तसे वाटून आज एक दिवस झाला आहे. असे आणखी सात दिवस मला तिच्यासमोर जेवायला बसायचे आहे, म्हणून सही लवकर हवी.

कळावे, आणि यावेळी खरोखर कळावे.

अर्जापुरती नम्र,

(सही)
संजीवनी हिंदुराव पिसाळ
बेलवली, बदलापूर (प.)
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत जोडले आहे :
१) आदेशाची नक्कल, लाल रेघेसहित.
२) वृद्धाश्रमाचे प्रमाणपत्र. वरची बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात बाण काढला आहे.
३) हजेरीपत्रक, ऐंशी तासांचे. उरलेल्या त्र्याऐंशी तासांचे वेगळे.
४) वाडीचा कागद, अंगठे अकरा. बापाचा अंगठा खोडलेला नाही व खोडणार नाही.
५) एक कोरा कागद, आपल्या उत्तरासाठी. वर मुलीचे नाव लिहिलेले नाही. खाली आपले नाव लिहिले आहे.