अर्धी भरलेली पिशवी

मुंबई, ता. ५ फेब्रुवारी १९७९

ती. भाऊजी व लिलाबाई यांस चंपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

लिलाबाई हरभरा सोंगायला म्हणून गेली ती तिकडेच रमली. भाऊजी, हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा, लाजू नका. मी आधी नर्स, मग तुमची मेहुणी. कॅन्सरच्या ऑपरेशनात तिची उजवी छाती काढली, तिथं कातडीखाली रबरासारखी पिशवी बसवली आहे. तीत दोनदा सुईनं मिठाचं पाणी भरलं, अजून चारदा भरायचं आहे. कातडी पुरती ताणली, की तिथं कायमचा उभार बसवता येतो. हे काम इथं एकटे आमचे डॉक्टरच करतात आणि एप्रिलअखेर ते परदेशी जातात. तिला लवकर पाठवा. तिच्या मनात काय आहे ते विचारून कळवा.

दोघांची माया आहे तशी राहो.
चंपा

इंझोरी, ता. १४ फेब्रुवारी १९७९

चि. चंपा हीस जानरावचा जयभीम.

पत्र वाचून दाखवले. तुझी बहीण म्हणते, जीव वाचला, भरून पावले. चाळिशी आली, आता ही हौस कशाला? तिला सुईची भीती वाटते, शिवाय गावात बभ्रा नको. ती मजेत आहे. डॉक्टरसाहेबांना नकार कळवावा. तू बाकी सगळ्यांना सुया टोचत फिर, आम्हाला सोड!

लोभ आहेच, वाढवावा.
जानराव

मुंबई, ता. १० ऑगस्ट १९७९

ती. भाऊजींस जयभीम.

तीन पत्रं लिहिली, तुमचं उत्तर एकच. सुईला भिऊन नको म्हणाली म्हणून मला लिलाबाईचा राग आला होता, पण अंग तिचं, मी कोण? डॉक्टर गेले. अर्धवट पिशवी आत ठेवणं बरं नाही, पिकेल. दसऱ्यापर्यंत तिला आणा. काढणारे इथं आहेत, भरणारं कुणी उरलं नाही.

राग नसावा.
चंपा

इंझोरी, ता. ३० सप्टेंबर १९७९

चंपा, तुले माहा जयभीम.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राह्यली. बुद्धजयंतीपासून विहारात बायांचा शिकाचा वर्ग आहे, तिथी जातो. काल हे शेलूबाजारले गेले, तवा पेटीतली तुही सारी पत्रं काढली. बोट ठेवू ठेवू वाचली. अख्खा दिवस लागला.

यायनं मले फेब्रुवारीतच सांगतलं, का डाक्टर गेला, आता पिशवी भरत नाही. मी लय रडली. यायचा जीव वाईट नाही. परक्या मानसाचा हात लागते, ते सहन होत नसन.

मले सुईचं भेव कधीच नवतं. कातडी तने, दुखे, अन् मले बरं वाटे. आता हिरीवर बाया छातीकडेच पाहतात. एक हात पदराले लागते, म्हून एकच हंडा आनतो.

पिशवी काढाले येतो. चंपा, मी नाही म्हटलंच नवतं. मले कोनं इचारलंच नाही.

माया आटू देऊ नको.
तुही बहीन
लिलाबाई