मनिराम म्हणवणारा माणूस

केशोरी,
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जावईबापूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या प्रफुलनं कळवलं, जिवात जीव आला. भाऊबीजेला तू आली नाहीस म्हणून मी दिवसभर तोंड पाडून बसलो होतो असं तुझी वहिनी सांगेल, तिचं ऐकू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला कळत नाही, आणि कानात मशीन घातलं की तुझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. त्यामुळे आपलं पत्रच बरं.

इथं एक भानगड उभी राहिली आहे. धान कापायला यंदा छत्तीसगडची टोळी लावली. त्यात मनिराम नावाचा एक म्हातारा आहे. दाढी वाढलेली, पुढचे दात पडलेले, पाठीत वाकलेला. आपल्या मोठ्या दादाचा वर्गमित्र बिसराम त्याला पाहून बांधावरच बसला. त्याचं म्हणणं की हा मनिराम नोहे, हा आपला उदाराम होय. झालं, गावभर तेच. तो माणूस मात्र हात जोडून सांगतो की मी राजनांदगावकडचा गरीब मनिराम, मले कायले गोवता जी.

तूच सांग, काय मानायचं? पस्तीसेक वर्षांपूर्वी दादा बापूशी भांडून गेला तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं आणि तू परकरात होतीस. वाट पाहून पाहून बापूनं पळसाच्या पानांचा पुतळा केला, तो जाळला आणि दादाचं क्रियाकर्म उरकलं. जाळलेला माणूस धान कापायला येतो काय?

रुची दिवाळीला घरी होती. गोंदियाला इंग्रजीत एम. ए. करते, त्यामुळे घरात आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी शब्द असतो. ती म्हणाली की दुसऱ्याचं नाव घेऊन वावरणाऱ्या, लोकांना फसवणाऱ्या माणसाला 'इम्पोस्टर' म्हणतात, आपला तोतया. मला शब्द आवडला. भोंदू म्हणावं तर त्याला बुवाबाजी लागते, सोंगाड्या म्हणावं तर मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाटकात नाचणारा सोंगाड्या आठवून हसू येतं. मी म्हटलं, हा पक्का इम्पोस्टर. आधी तो नाही नाही म्हणेल, गाव हो हो म्हणेल, आणि एक दिवस धानशेतीतल्या अर्ध्या बांध्या मागायला उभा राहील. तर रुचीनं मलाच विचारलं की बाबा, तो उदाराम असल्याचं सांगतच नाही, मग इम्पोस्टर कसा? एम. ए.चं हे असं असतं.

शिवाय माणूस मगरूर. तुझी निर्मलावहिनी स्वतः जेवण घेऊन बांधीवर गेली तर तिच्या हातातून ताट घेईना. तोंड फिरवून उभा, म्हणे खाली ठेवायला सांगा. मजुराला एवढा ताठा? मळणी आटोपली की टोळी जाईलच, पण पोलीस पाटील म्हणतात की ह्याला आधीच काढून द्या. मीही त्याच विचारात आहे. तुझं मत लगेच कळव.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, रुसवा असेल तर तेवढा काढून टाक.

तुझा,
गोवर्धन


सडक अर्जुनी,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप गोवर्धनभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि तशीच लिहायला बसले, अक्षर समजून घे. हे खाटेवरून विचारत आहेत की असं काय लिहिलंय.

भाऊ, तुझे कान गेले ते गेले, डोक्याला काय झालं? जो माणूस निर्मलावहिनीसमोर तोंड फिरवतो आणि ताट खाली ठेवायला सांगतो, तो मगरूर कसा? धाकट्या भावाच्या बायकोशी असं कोण वागतं? भासरा. माझे भासरे आजही दारात खोकल्याशिवाय आत येत नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा त्यांनी औषधाची पिशवी माझ्या हातात दिली नाही, बाकावर ठेवली आणि बाजूला झाले. राजनांदगावच्या मजुराला वहिनी कोण लागते? मालकीण. मालकिणीच्या हातून ताट घ्यायला त्याला कसली अडचण?

तरी मी मनाला आवरते. तो सगळ्याच बायकांशी तसा वागत असेल. शेजारच्या सावित्रीबाईला पाणी घेऊन पाठव. तिच्या हातचं त्यानं घेतलं आणि वहिनीच्या हातचं नाही घेतलं, तर मग काय ते तुला कळेल.

रुचीला मी फोन करून तो शब्द विचारला. ती म्हणाली की आजकाल तिच्या मैत्रिणी स्वतःलाच इम्पोस्टर म्हणतात. चांगले मार्क पडले तरी त्यांना वाटत राहतं की आपण इथले नाही, चुकून आत आलो, कोणीतरी ओळखेल आणि बाहेर काढेल. मला वाटतं मनिरामला तो शब्द ह्या अर्थानं लागतो. बापाच्या बांधीत मजुरी करतो आहे आणि स्वतःचं नाव सांगायची हिंमत नाही.

त्याला काढून देऊ नकोस. एकदा पळसाच्या पानांसाठी रडले, आता जिवंत माणसासाठी रडायला लावू नकोस. तू त्याला घालवलंस तर माझं माहेर संपलं असं समज.

वहिनीला नमस्कार. उत्तर येईपर्यंत मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहीन. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुमित्रा


केशोरी,
१३ नोव्हेंबर

चि. सौ. सुमित्रास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी खाली बस. तोच आहे. आपला दादाच आहे.

मळणी घराजवळच्या खळ्यात चालली होती, म्हणून मजुरांना ओसरीवर जेवायला बसवलं. सावित्रीबाई पाणी घेऊन गेली, तर त्यानं लोटा हातातून घेतला, वर तिच्या बैलांची चौकशी केली. मग निर्मला भात घेऊन आली. हा भिंतीकडे तोंड करून बसला.

मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली की तुमच्या मोठ्या भावाले विचारा, भात आणखी वाढू का. भासऱ्याशी सरळ बोलत नाहीत, म्हणून माझ्यामार्फत. ओसरीवर सगळ्यांचे घास हातातच राहिले. तो ताटावर हात आडवा धरून बसला. मग भिंतीलाच म्हणाला की गोवर्धन, तिले सांग, पोट भरलं. मशीन कानात नव्हतं, सुमित्रा, तरी मला नीट ऐकू आलं.

पुढचं काय लिहू? आम्ही दोघं लहान पोरांसारखे रडलो. नंतर मी विचारलं की काऊन लपलास. तो म्हणाला की माय गेल्याचं फार उशिरा कळलं, आणि सोबतच कळलं की माझंही क्रियाकर्म झालं. मेलेल्यानं कोणत्या तोंडानं दार वाजवावं? बांध्या पाहायच्या, आपल्याला लांबून पाहायचं आणि टोळीबरोबर परत जायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. भाऊबीजेच्या दिवशी तो कामावर नव्हता. मी आळशी म्हणून त्याला बोललो होतो. आता कळलं, तू उतरशील म्हणून तो दिवसभर बस थांब्यावर बसला होता.

मी त्याला इम्पोस्टर म्हटल्याचं सांगू नकोस. अर्थात रुचीनं ते आधीच सांगून टाकलं आहे.

आता एकच अडचण. जुनी मंडळी म्हणतात की ज्याचं क्रियाकर्म झालं, त्यानं पुन्हा जन्म घेऊनच घरात यावं. म्हणजे पाळणा आला, बारसं आलं, कानात नाव आलं. आत्या तर उरली नाही, तेव्हा नाव ठेवायचा मान तुझा. पाय पाळण्याबाहेर राहतील, त्याला इलाज नाही. रविवारी ये. जावईबापूंना प्रफुल सांभाळील.

ह्या वेळी लोभ वगैरे काही मागत नाही, तू ये.

तुझा,
गोवर्धन


केशोरी,
२४ नोव्हेंबर

चि. सौ. सुमित्रास,
अनेक आशीर्वाद.

मराठीत पत्र लिहून जमाना झाला. रुची लिहून देते म्हणत होती, मी नको म्हटलं. मधे हिंदी आलं तर चालवून घे.

जावईबापू काठीशिवाय चालू लागले काय? जपून राहायला सांग.

बारशाला गाव पोट धरून हसलं, मलाही हसू येत होतं. मंडळींनी तुला बजावलं होतं की जुनं नाव जळलं, नवं ठेव. तू कानाशी लागून जुनंच ठेवलंस. तेव्हा गडबडीत राहून गेलं, म्हणून आता लिहितो. ते नाव इतकी वर्षं मी मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

रुची मला तो इंग्रजी शब्द समजावून सांगते. मी तिला म्हटलं की दोन्ही अर्थ मला लागतात. मनिराम म्हणून मी सगळ्यांना फसवलं. आणि आता ओसरीवर बसतो तेव्हाही वाटतं की कोणी येऊन उठ म्हणेल. पण रोज थोडं कमी वाटतं.

टोळी काल गेली. मुकादमानं ट्रॅक्टरवरून हाक मारली की मनिराम, चल. सवयीनं पाय उचललाच होता बघ. तेवढ्यात गोवर्धन आला, त्यानं माझा हात धरला आणि तसाच उभा राहिला. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी सोडेना. माझा हात दुखू लागला, तरी मी सोड म्हटलं नाही.

पोरांना आशीर्वाद. माया ठेव, आता मी इथंच आहे.

तुझा मोठा दादा,
उदाराम