पायाशी आलेलं पिल्लू

सोलापूर, रविवार संध्याकाळ

कासवाच्या एका पिल्लाची भेट केवढ्याला पडली? जाता-येता वीस तास गाडी, हिची कंबर, आणि नवी पेठेतलं दुकान दोन दिवस बंद.

काल तिन्हीसांजेला किनाऱ्यावर सोडलेली सगळी पिल्लं समुद्राकडे निघाली. एकच उलटं फिरलं, थेट माझ्या पायाशी. मी हिला म्हणालो, "वळसंगला मेंढरंबी अशीच माझ्या मागं यायची. जनावर माणूस वळखतंय."

"व्हय, मग आता पवायला शिकवा की त्याला!"

कासवांच्या रखवालदारानं ते हलकेच पाण्याकडे वळवलं आणि जोडीदाराला हळू म्हणाला, "उजेडाकडे जातात ही. अशीच दमून मरतात." माझे कान तिखट. हिनं ऐकलं नाही. आत्ताही शेजारणीला माझंच कौतुक सांगतेय.

ते पिल्लू सगळ्यात शेवटी पाण्यात गेलं. तगलं असेल ना?

माझ्या हातात मोबाइलचा टॉर्च चालू होता.