गाडी हलवण्याआधी गॅस बंद

पुटारुरूजवळ,
ऑगस्ट २००९

प्रिय गार्गी,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, ते मनात धरू नकोस. परेश समोरच बसला होता, आणि कॅरॅव्हॅनमध्ये आड जाऊन बोलायला जागा कुठली? आज तो उजाडायच्या आत कामावर गेलाय, कुठल्याशा गोठ्यातलं दूध काढायचं यंत्र बंद पडलंय. बाहेर असं दाट धुकं आहे की कुंपणापलीकडच्या गाई नुसत्या ऐकू येतात. पंधरा तारखेला माझं परतीचं विमान आहे. त्याआधी तुला लिहायलाच हवं, कारण मी गेल्यावर माझ्या लेकाच्या जिवाची काळजी करायला इथे कोणी नाही. अक्षर वाकडं येतंय, थंडीनं बोटं वळत नाहीत.

तुमचं घर विकल्यापासून तो ह्या कॅरॅव्हॅनमध्येच राहतो. साउथ आयलंड बघायचं म्हणून तुम्ही दोघांनी हौसेनं घेतली होतीत, तीच ही. मला फोनवर म्हणाला होता, आई, घर जरा लहान आहे. विमानतळावरून मला थेट एका शेतात आणून उभं केलं, तेव्हा कळलं किती लहान ते! जिथे काम निघेल तिकडे गाडीमागे घर ओढत न्यायचं. हॅमिल्टनला ऑफिस आहे, पण तिथली माणसं नको वाटतात म्हणे त्याला. पुण्याला ह्यांना मी कळवलंय की घर छान आहे, हवा छान आहे. बायपास झालेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

पहिल्याच दिवशी त्यानं मला फ्रीज समजावला. इंजिनिअरच तो, एक विचारलं की दहा सांगणार. हा फ्रीज गॅसवर चालतो, मागे एक बारीक निळी ज्योत असते आणि तिच्या आचेवर आतलं गार होतं. मी म्हटलं, काहीतरीच काय, शेगडीवर कधी बर्फ झालाय? त्यावर तो हसला. मी आल्यापासून तेवढं एकदाच. कुठे विजेची सोय असली तर तो विजेवर चालतो, शेतात उभं असलं की गॅसवर, आणि प्रवासात गाडीच्या बॅटरीवर. कॅरॅव्हॅन सपाट उभी हवी, म्हणून तो पाणसळ लावून चाकाखाली फळ्या सारतो. बाहेरच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. मी गार वारा येतो म्हणून त्यांत जुना टॉवेल कोंबला होता, तर केवढा ओरडला! आत विषारी वायू साठून झोपेतच माणूस जातो म्हणाला. आणि मुख्य म्हणजे गाडी हलवण्याआधी सिलिंडरचा कॉक बंद करायचा. वाटेत ठोकर बसून नळी निसटली तर गॅस सुटत राहणार, आणि शेजारी ज्योत पेटलेली. हे मला लगेच पटलं. आपल्याकडे बाई एक वेळ कुलूप विसरेल, पण रेग्युलेटर बंद केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

एवढं सगळं मला शिकवणारा हा बाबा स्वतः मात्र ज्योत पेटलेली ठेवून गाडी हाकत होता. मला कितीतरी दिवस पत्ताच नव्हता. एकदा टिराऊला पेट्रोल भरायला थांबलो. मी पाय मोकळे करायला उतरले आणि सहज मागच्या जाळीपाशी हात नेला, तर ऊब लागली! परेश, अरे, ज्योत चालू आहे, म्हणून ओरडले, तर मान वर न करता म्हणाला, असू दे. हातात पेट्रोलची नळी, आणि म्हणतो असू दे. गार्गी, विसरलेला माणूस दचकतो गं. हा दचकला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. मी तशीच साडी सावरत पुढे धावले आणि कॉक आवळला. तर माझ्यावर खेकसला, आई, उघड तो, वड्या मऊ पडतील!

कसल्या वड्या, ते मला संध्याकाळी कळलं. वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी आत, चंदेरी कागदात गुंडाळलेले अळूवडीचे दोन उंडे होते. तू घर सोडण्याआधी उकडून ठेवलेले. तुझ्या लक्षातही नसेल. घरातलं सामान त्यानं मिळेल त्या भावाला विकलं, आणि हे दोन उंडे बर्फाच्या पेटीतून इकडे आणले. खात नाही, टाकत नाही. बॅटरीची वायर गंजलीय, तिच्यावर तो कप्पा नुसता नावाला गार राहतो, म्हणून प्रवासातही गॅस चालू. त्या दिवशी पंपावरून निघाल्यावर त्यानं पुढे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि आत जाऊन ज्योत पुन्हा पेटवली. बटण दाबून गुडघ्यावर बसला होता, देवापुढे बसावं तसा. बाहेरून ट्रक जात होते आणि आमचं सगळं घर हलत होतं. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त दया आली. चाळिशीला आलेला मुलगा माझा.

तुमचं का बिनसलं ते मी तुला कधी विचारलं नाही, आजही विचारणार नाही. त्यालाही विचारलं नाही. तो वाईट नाही आणि तूही वाईट नाहीस, एवढं मला दिसतं, आणि तेवढ्यानं संसार होत नाही हेही दिसतं.

पुढच्या सोमवारी तो कामावर गेला आणि मी सिलिंडर बंद केला. दिवसभर उघडलाच नाही. संध्याकाळी त्यानं कप्पा उघडला, तर उंडे मऊ पडून खाली पाणी सांडलेलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करेल. पण तो खालीच बसला. म्हणाला, आई, तुझी ती पुण्याची सवय काही जात नाही. मी म्हटलं, नाही रे जात. सवय कसली! समजून उमजून केलं मी, आणि मला तिळभर वाईट वाटत नाही. मुलगा जाण्यापेक्षा वड्या गेलेल्या बऱ्या.

टाकवेनात त्याला, म्हणून मी वड्या कापून तळल्या. तेवढीशी ती शेगडी, तेवढीशी कढई. वास जरा शिळा होता, पण तुझी चव होती. चिंच-गूळ तू नेहमीच मोजून घालतेस. त्यानं उभ्याउभ्या सगळ्या खाल्ल्या, मला एकसुद्धा दिली नाही. खात होता आणि रडत होता. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, घसा खवखवतोय, अळू खाजरा होता. मी म्हटलं, असेल. तुझा अळू खाजरा नव्हता गं, मी कढईतला चुरा खाऊन बघितला होता.

त्यानंतर आम्ही दोनदा मुक्काम हलवला. दोन्ही वेळा त्यानं आपणहून कॉक बंद केला, आणि मला म्हणाला, आई, एकदा बघून घे. मी जाळीपाशी हात लावून बघितलं, गार होती. दोन-चार तास फ्रीजचं दार उघडलं नाही तर दूध-दही नीट राहतं, हे त्यालाही ठाऊक होतंच. बॅटरीची वायरही आता बदलून घेतलीय. आनंदात आहे असं म्हणत नाही मी. जेवतो, झोपतो, खिडकीतून गाई बघत बसतो. बर्फाच्या कप्प्यात आता नुसता बर्फ असतो.

आणि रविवारी तुझा फोन आला. गणपतीत बॉटनीच्या तुझ्या घरून हॅमिल्टनला येणार आहेस म्हणालीस, परेशला आवडतात म्हणून अळूवडीचे उंडे घेऊन येईन म्हणालीस. तुझ्या मनात माया आहे, मला माहीत आहे, माझ्याही मनात तुझ्यासाठी तेवढीच आहे. सून म्हणून तू मला हवी आहेस, आज या क्षणीसुद्धा हवी आहेस. पण त्याच्याबरोबर राहायला येणार नसशील, तर वड्या आणू नकोस, बाळ. तो त्या खाणार नाही, जपून ठेवेल, आणि मी नसताना पुन्हा ज्योत पेटवून रस्त्याला लागेल.

अजूनही तुझीच,
आई