गल्लीचं तोंड

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. मुलींच्या परीक्षा संपल्या का? आईचा चष्मा बदलून आणला. आता पेपर वाचून तीच मला बातम्या सांगते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

सोमवारच्या सभेत तू शेवटच्या बाकावर होतास. रस्ते खात्याच्या साहेबांनी नकाशा लावला आणि हमरस्त्याला उघडणाऱ्या तुझ्या गल्लीच्या तोंडावर पट्टी टेकवली. "हे बंद केलं नाही तर अपघात थांबायचे नाहीत," म्हणाले. तू उठलास. "लाकडाचा ट्रक मागच्या बोळातून माझ्या कारखान्यात शिरेल का? एकदा चालवून दाखवा, साहेब." त्यांनी यादीचा कागद काढला.

पाच हात बंद करण्याच्या बाजूने, पाच विरोधात. उरले मी. आदल्याच रविवारी तुझ्याकडे जेवताना म्हणाले होते, मी नगरसेविका आहे तोवर तुझ्या दाराला कोणी हात लावत नाही. आणि मी बंदच्या बाजूने हात वर केला.

जिन्यात तू म्हणालास, "ताई, केसाने गळा कापलास." लोक म्हणतात, पुढच्या तिकिटासाठी केलं. म्हणू देत.

साहेबांनी अपघातांची यादी वाचली, ती तू ऐकलीस. सातवा अपघात : ऑक्टोबर, संध्याकाळ, वळणाऱ्या कारची स्कूटरला धडक, शिवणकाम करणाऱ्या बाईंचा उजवा हात निकामी. कार आमची होती, हे तुला माहीत आहे. चालवत तुझे भावोजी होते, असंही तुला माहीत आहे.

गाडी मी चालवत होते, धाकट्या.

तुझ्याकडूनच निघालो होतो. ट्रक जाईपर्यंत थांबायला हवं होतं, मी मध्येच घातली. हे म्हणाले, "तू मागे बस. तुझं नाव आलं तर सगळं संपेल." मी मागे बसले. बाई रस्त्यावर कण्हत होत्या आणि मी काच वर केली.

पाच महिने अडकित्त्यात सापडल्यासारखी जगते आहे. खरं बोलले तर यांनी दिलेला जबाब खोटा ठरतो, गप्प बसले तर घास उतरत नाही. सभेत तटस्थ राहता आलं असतं. समसमान मतं पडल्यावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने गल्ली बंदच झाली असती आणि तुझ्यासमोर मी चांगली राहिले असते. तेवढं आणखी एक खोटं मला पेललं नाही.

काल त्या बाईंकडे गेले. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. मी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे. समोरच्या काचेतून गाडी चालवताना तुम्हीच दिसला होतात. मी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी लिहून घेतलं नाही."

मग त्यांनी डाव्या हाताने मला पाणी दिलं. थोडं सांडलं. ते पुसायलासुद्धा त्यांनी मला उठू दिलं नाही.

उद्या दहा वाजता ठाण्यात जबाब देणार आहे. यांनी बोलणं सोडलं आहे. आईला अजून माहीत नाही. पेपरात वाचण्याआधी तिला सांगायला हवं, पण तोंड उघडत नाही. यातलं काहीही केल्याने तुझा ट्रक आत येणार नाही, हे मला कळतं.

लोक विचारतील तेव्हा मी तुझी कोण, हे सांगितलंच पाहिजेस असं नाही.

तरीही तुझी,
ताई