लाल पुडी, हिरवी पुडी

सोमवार, २ जून
गावाच्या विहीर कमिटीची मी अध्यक्ष झाले. एकमताने. दुसरं कोणी उभंच नव्हतं. आता कोणाच्याही विहिरीत घाण जाऊ देणार नाही. सुरुवात शेजारून. कोमाद्रे फिलिबेर्ताच्या विहिरीच्या पाण्याला वास येतोय आणि तिची नात नेय्डा आठवडाभर जुलाबाने आडवी आहे. फिलिबेर्ताच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. म्हणजे नेय्डा माझीही नातच. दोषी शोधणारच.

मंगळवार, ३ जून
दोषी सापडला. पलीकडचा आउदोमारो. सात डुकरं. जाब विचारला तर म्हणतो, अध्यक्षीणबाई, आधी आपलं अंगण बघा.
बघितलं. काही नाही. जुनी विहीर, तिच्यावर सिमेंटचं झाकण, झाकणावर जास्वंदीची कुंडी. आणि संडासाचा पाईप, तो बारा वर्षं त्या विहिरीत जातोय. माझ्याकडे नळ आल्यावर विहीर पडूनच होती; कोमाद्रेकडे अजून विहिरीचंच पाणी. खाली सगळा खडक, नवा खड्डा खणायचा म्हणजे सुरुंग. गवंडी म्हणाला, खड्डा आयता आहे की. गावात पुष्कळांनी तसंच केलं. शिवाय घाण खाली जाते. कोमाद्रेची विहीर खाली नाही, बाजूला आहे.

गुरुवार, ५ जून
कोमाद्रेने रोजच्यासारखा पोसोल पाठवला, पाण्यात कालवलेल्या मक्याच्या पिठाचं पेय, थंडगार. परसातल्या मिरच्यांच्या रोपांना घातला. मला सर्दी आहे. मिरच्यांना मका मानवतो.

शनिवार, ७ जून
पुन्हा मिरच्यांना. सर्दी रेंगाळलीय.

सोमवार, ९ जून
आरोग्य केंद्रातल्या यामिलीने रंगाच्या दोन पुड्या दिल्या. ज्या विहिरीत रंग उगवेल तिथे घाण जाते, एवढं सोपं. कोमाद्रेला साक्षीला घेतलं. लाल पुडी आउदोमारोच्या डुकरांच्या नालीत. हिरवी माझ्या संडासात, अध्यक्षाने आधी स्वतःचं घर दाखवावं म्हणून. कोमाद्रेसमोर साखळी ओढली. मन अगदी स्वच्छ.
दर सोमवारचं माझं घेवडा-डुकराचं कालवण मात्र ताटात तसंच राहिलं. उकाडा.

बुधवार, ११ जून. सकाळी ७
कोमाद्रेने बादली आणून माझ्यासमोर ठेवली. पाणी हिरवं.
मी समजावलं की लाल रंग चुनखडीतून झिरपला की हिरवा होतो. शास्त्र आहे. ती म्हणाली, यामिलीला विचारू या का. म्हटलं, कशाला, तिला किती गावं.

शनिवार, १४ जून
सभेत चुनखडीचं शास्त्र सांगितलं. माना डोलल्या. आउदोमारोने एकदाच विचारलं, लाल हिरवं कसं होतं. कोणी ऐकलं नाही. उद्या डुकरं विकतो म्हणाला. धाकटं पिल्लू काखेत घेऊन आला होता, त्याच्या कानामागे खाजवत बसला.
मनातल्या मनात ठराव: माझा पाईप बदलायचा. पाऊस संपला की. नक्की.

रविवार, १५ जून. पहाटे
आउदोमारोच्या दारात ट्रक लागलाय. मला काय त्याचं.
त्या पिल्लाचं नाव त्याने माझ्या नावावरून ठेवलंय म्हणे. हर्लिंदा. चेष्टेनेच.

तोच दिवस. दुपार
अनवाणी गेले. ट्रकपुढे उभी राहून सांगितलं, घाण माझी आहे. आउदोमारोने डुकरं उतरवली, म्हणाला, हर्लिंदाला तुम्हीच सांगा, ती रात्रभर झोपली नाही. कोणती हर्लिंदा, ते मी विचारलं नाही.
मग कोमाद्रेकडे. ती झोपाळ्यावर नेय्डाचे केस विंचरत होती. पोरगी बरी दिसली. सगळं सांगितलं, पाईप, झाकण, कुंडी. ती विंचरतच राहिली.
“बादलीच्या दिवशीच कळलं मला,” ती म्हणाली. “तू सांगशील म्हणून थांबले. ट्रक हलला असता तर मीच आले असते.”
मग तिने माझ्यापुढे पोसोल ठेवला. शिक्षा म्हणून मी मुकाट्याने वाडगा तोंडाला लावला.
“पी निर्धास्त. पोर आजारी पडल्यापासून बाटलीचंच पाणी आणतेय,” ती म्हणाली. “मिरच्यांना घातलास तोही त्याच पाण्याचा होता, कोमाद्रे. तुझं पोट नाजूक, म्हणून.”