भिंतीवरचा नोव्हेंबर

२ नोव्हेंबर, रविवार
मोबाइलवर जुनी डच चित्रं पाहिली. लाकडी फळीवर छापील चित्र डकवलेलं, एक कोपरा सुटलेला, त्याची बारीक सावली. नख घालून सोलावंसं वाटतं. आणि कागद नाहीच! सगळा रंग. ठरलं. आपणही असंच कॅलेंडर रंगवायचं आणि गोंदियाच्या प्रदर्शनात द्यायचं. लग्नानंतर माझं नाव फक्त रेशन कार्डावर छापलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार
यंदाच्या पानावर सासूबाईंनी दुधाचे खाडे लिहिलेत. नक्कल करायला माळ्यावरचं गेल्या वर्षीचं कोरं पान काढलं. नोव्हेंबर तो नोव्हेंबर. उद्यापासून पहाटे उठून रंगवणार.

४ नोव्हेंबर
उद्यापासून.

९ नोव्हेंबर, रविवार
पहाटेचा उजेड रंगांना मानवत नाही. दुपारी बसते. आमचे हे, ओमेश, रंगांच्या दुकानातून चिडून आले. पांढऱ्या रंगाचा डबा कायले फोडला, गिऱ्हाईक वापस गेला म्हणे. मोठ्या कलेला घरातून विरोध होतोच. चित्र येत्या शनिवारी पाचपर्यंत पोचवायचं. आरामात होईल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
झालं! खरं कॅलेंडर कपाटामागे लपवलं, माझी फळी खिळ्याला टांगली. सासूबाई लगेच म्हणाल्या, वो बाई, एवढी हवा येऊन राहिली अन् हे कालिंदर काऊन फडफडून नाही राहिलं? मुळात नजरच संशयी. मी मात्र आता वार त्यातच पाहते. इतकं खरं उतरलंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
मुदत उद्या. दिवसभर सुटलेल्या कोपऱ्याची सावली गडद केली. गुंजनचा नागपूरहून फोन. आई, दिलं का गं चित्र, पाच वाजत आले. पोरीला फार घाई. म्हटलं, कलाकाराला घाई शिकवू नये.

१६ नोव्हेंबर. वार लिहीत नाही.
दवनीवाड्याहून बसनं गोंदिया. हॉलमध्ये सगळ्यांची चित्रं टांगलेली, उद्घाटनाचा चहासुद्धा संपलेला. दारावरचे दुर्गाप्रसाद म्हणाले, मॅडम, लेने का टाइम कल ख़त्म हुआ, आज संडे है. मी म्हटलं, आज शनिवार. पुरावा म्हणून फळीवरचं जुनं लुगडं सोडलं आणि सोळा तारखेवर बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, ये पिछले साल का है. और मॅडम, अगली बार पेंटिंग लाना, हम कॅलेंडर नहीं लेते. मग जरा मायेनं म्हणाले, कोना उखड़ रहा है, गोंद लगा लेना.
मी फळी उचलून निघाले.
परतीच्या बसमध्ये फळी मांडीवर होती. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मी अंगठ्यानं कोपरा दाबून बसवत होते.